अदृश्य अक्षराचा प्रश्न : 'गॅरामॉन्ड' आणि अभिजाततेची निवड

ज्या वस्तूला आपण साहित्यकृतीची संहिता म्हणतो ती बहुतेक वेळा छापलेली असते, आणि छापलेली असल्यामुळे कोणत्या ना कोणत्या अक्षरवळणात असते. ही गोष्ट इतकी उघड आहे की समीक्षेने तिची दखल घेण्याचे कारणच उरलेले नाही. रचना, निवेदन, प्रतिमा, लय यांविषयी आपण बोलतो. ज्या काळ्या खुणांच्या आधारे हे सर्व आपल्यापर्यंत पोचते त्या खुणांचा आकार कोणी ठरविला, हा प्रश्न मुद्रकाचा मानला जातो. रोमन लिपीतील ग्रंथव्यवहारात या प्रश्नाला एक ठरीव उत्तरही आहे. पुस्तकाचा मजकूर 'अभिजात' सेरिफ वळणात छापावा, म्हणजे ज्या अक्षरांच्या दंडांना टोकाशी बारीक आडव्या रेघा वा टोके असतात आणि ज्यांची घडण पंधराव्या ते अठराव्या शतकातील उत्तम मुद्रणावर आधारलेली आहे अशा वळणात छापावा. बेम्बो, गॅरामॉन्ड, कॅस्लन, बास्करव्हिल ही नावे या यादीत नेहमी असतात. ही 'अभिजातता' नेमकी कशाची असते आणि ती निवडणारा नेमके काय निवडत असतो, एवढाच प्रश्न येथे 'गॅरामॉन्ड' या एका वळणाच्या आधारे तपासावयाचा आहे.

ठरीव उत्तरामागे एक सिद्धान्त आहे, आणि त्याची सर्वांत प्रभावी मांडणी बिआट्रिस वॉर्ड यांनी १९३० साली लंडनमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात केली. पुढे १९५५ साली त्यांचा निबंधसंग्रह या व्याख्यानातील रूपकाचेच नाव घेऊन प्रसिद्ध झाला. रूपक स्फटिकाच्या पेल्याचे आहे. मद्याचा खरा जाणकार नक्षीदार सोन्याचा पेला नाकारून पारदर्शक स्फटिकपात्र पसंत करील, कारण त्याला पात्र पाहावयाचे नसून मद्य पाहावयाचे असते. चांगला टाइपही असाच असावा. वाचकाचे लक्ष त्याच्यावर थबकू नये, त्यातून आरपार जाऊन ते अर्थापाशी पोचावे. स्टॅन्ली मॉरिसन यांनीही त्याच वर्षी मुद्रणाची मूलतत्त्वे सांगताना मुद्रकाने लेखक आणि वाचक यांच्यामध्ये येऊ नये अशाच आशयाचा आग्रह धरला होता. इंग्रजी ग्रंथमुद्रणाच्या पुढील कित्येक दशकांच्या अभिरुचीवर या दोघांचा ठसा आहे.

हे रूपक आपल्याला अपरिचित नाही. आशय म्हणजे पदार्थ आणि अभिव्यक्ती म्हणजे पात्र, ही कल्पना मराठी समीक्षेत पुष्कळ काळ नांदली आणि नंतर पुष्कळ वादांती त्याज्य ठरली. कवितेच्या बाबतीत जे विधान आपण आज कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत खोडून काढू, ते मुद्रणाच्या बाबतीत मात्र आपण निर्वेधपणे स्वीकारतो. मद्य पेल्यात ओतण्यापूर्वी बुधल्यात असते. संहिता मात्र अक्षरांत उतरण्यापूर्वी अशी कोठे असते? हस्तलिखितात म्हणावे, तर तेही अक्षरच असते, केवळ दुसऱ्या वळणाचे.

तथापि वॉर्ड यांच्या सिद्धान्ताला सर्वांत मोठा अडसर त्यांच्या स्वतःच्याच संशोधनाने घातला आहे. व्याख्यानापूर्वी चार वर्षे, १९२६ साली, 'फ्लूरॉन' या मुद्रणविषयक नियतकालिकाच्या पाचव्या अंकात 'पॉल बोजों' या टोपणनावाने त्यांचा एक प्रदीर्घ लेख आला. विषय होता गॅरामॉन्ड. त्या काळी हे नाव मुद्रणाच्या जगात अत्यंत प्रतिष्ठित झालेले होते. क्लोद गारामाँ हा सोळाव्या शतकातील पॅरिसचा अक्षरकोरक. पोलादी ठशाच्या टोकावर अक्षर कोरणे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करणे आणि त्या साच्यातून शिशाचे खिळे ओतणे या प्रक्रियेतील पहिले आणि सर्वांत कठीण काम त्याचे. तो १५६१ साली वारला. फ्रान्सच्या राष्ट्रीय मुद्रणालयात काही जुने साचे होते. एकोणिसाव्या शतकात त्यांवर गारामाँचे नाव लावण्यात आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे पुनरुज्जीवन झाले. अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने १९२२ साली याच अक्षरांवरून आपापले 'गॅरामॉन्ड' तयार केले. सोळाव्या शतकातील फ्रेंच प्रबोधनाची प्रसन्नता या अक्षरांत आहे असे जाणकार सांगू लागले.

वॉर्ड या अमेरिकन कंपनीच्या ग्रंथालयात काम करीत असत. तेथील ग्रंथपाल हेन्री बुलेन यांना या नावाविषयी शंका होती. सोळाव्या शतकातील एकाही पुस्तकात हे अक्षर आपण पाहिलेले नाही, असे ते म्हणत. ही शंका मनात घेऊन वॉर्ड युरोपात आल्या आणि ब्रिटिश म्यूझियममध्ये जुनी मुखपृष्ठपाने चाळताना त्यांना हेच अक्षर दिसले. पण ते गारामाँचे नव्हते. ते ज्याँ जानों या प्रॉटेस्टंट मुद्रकाचे होते. पॅरिसच्या माझारिन ग्रंथालयात जानोंचे सेदाँ येथे छापलेले १६२१चे नमुनापत्र होते, त्याने शंकेला जागाच ठेवली नाही. फ्रान्सच्या राजकीय मुद्रणालयाने १६४१ साली जानोंकडून साचे घेतले होते. पुढे ते दोन शतके विस्मरणात गेले आणि बाहेर आले तेव्हा दुसऱ्याच्या नावाने आले. गारामाँच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, एका वेगळ्या धर्मपंथाच्या आणि वेगळ्या घडणीच्या माणसाने कोरलेले अक्षर सोळाव्या शतकाचे प्रातिनिधिक अक्षर म्हणून वाचले जात होते. (या लेखाने प्रभावित होऊन मोनोटाइप कंपनीने पॉल बोजों यांना नोकरी देऊ केली आणि प्रत्यक्षात एक तरुण स्त्री समोर आली, हा प्रसंग मुद्रणेतिहासात वारंवार सांगितला जातो. कर्तृत्वाची चुकीची नोंद दुरुस्त करणारा लेख स्वतः खोट्या कर्तृनामाखाली प्रसिद्ध व्हावा, याची मौज त्या वेळच्या वाचकांनाही वाटली असेल.)

हा शोध कसा लागला, हे समीक्षकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. बुलेन आणि वॉर्ड या दोघांनीही अक्षरातून आरपार पाहण्याचे नाकारले. त्यांनी अक्षराकडे पाहिले. जानोंच्या m, n, r यांच्या वरच्या टोकाशी असलेली सेरिफ खोलगट आणि अणकुचीदार आहे. जाड आणि बारीक रेघांतील अंतर गारामाँपेक्षा अधिक आहे. तिरप्या अक्षरांतील मोठ्या अक्षरांचा कल एकसारखा नाही, एखादे अक्षर शेजाऱ्यापेक्षा जास्त झुकलेले दिसते. गारामाँच्या अक्षरात जो संथ समतोल आहे त्याच्या जागी येथे एक चंचल, काहीशी नाट्यमय चमक आहे. हे फरक सूक्ष्म असले तरी अदृश्य नाहीत. ज्यांनी या अक्षरात सोळाव्या शतकाची प्रसन्नता पाहिली त्यांनी अक्षर वाचले नव्हते, नाव वाचले होते.

येथून एक वेगळा प्रश्न सुरू होतो. नाव चुकीचे ठरल्यावर अक्षराचे मोल कमी झाले काय? फूकोने १९६९ साली लेखकनामाविषयी जे मांडले ते येथे शब्दशः लागू पडते. नाव हे केवळ व्यक्तीकडे बोट दाखवीत नाही. ते काही वस्तूंना एकत्र बांधते, त्यांना दर्जा देते आणि त्या कशा वाचाव्यात हे ठरविते. 'गॅरामॉन्ड' हे असेच एक नाव आहे. स्टेम्पेल कंपनीचे १९२५चे गॅरामॉन्ड खऱ्या गारामाँवरून घडविलेले आहे. १९२८ साली लायनोटाइप कंपनीसाठी जॉर्ज जोन्स यांनी घडविलेले आणि मुळातल्या गारामाँच्या सर्वांत जवळचे मानले गेलेले वळण मात्र 'ग्राँजों' या दुसऱ्याच अक्षरकोरकाच्या नावाने विकले गेले. १९७०च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या एका गॅरामॉन्डची लहान अक्षरे जाहिरातींच्या सोयीसाठी इतकी फुगविलेली आहेत की सोळाव्या शतकाशी त्याचे नाते नावापुरतेच राहिले. आणि आज बहुसंख्य लोकांच्या संगणकावर ऑफिस प्रणालीबरोबर जे गॅरामॉन्ड येते ते मोनोटाइपचे, म्हणजे जानोंचे आहे. वॉर्ड यांच्या लेखाला शंभर वर्षे होत आली तरी नाव बदललेले नाही.

माझ्या मते जानोंचे अक्षर नाव बदलल्याने उणे ठरत नाही. ते मोठ्या आकारात सुंदर आहे, कवितासंग्रहाच्या मोकळ्या पानावर त्याची चंचलता शोभते. दीर्घ गद्यासाठी मात्र मी ते घेणार नाही. त्याची तिरपी अक्षरे ओळीत सतत हलत राहतात आणि जेथे ग्रंथनामे, परभाषी संज्ञा वारंवार तिरप्या छापाव्या लागतात अशा विवेचक ग्रंथात हा दोष दर पानाला जाणवतो. हा निर्णय अक्षर पाहून घेतलेला आहे. जो निवडणारा 'गॅरामॉन्ड अभिजात आहे' एवढ्यावर थांबतो त्याने निर्णय घेतलेलाच नसतो, त्याने परंपरेचा हवाला दिलेला असतो.

पण परंपरेचा हवाला देणे तरी वाटते तितके सोपे आहे काय? यान चिखोल्ड यांनी १९६७ साली पूर्ण झालेल्या 'सबॉन' या वळणासाठी १५९२च्या फ्रांकफुर्टच्या एगेनोल्फ-बर्नर नमुनापत्राचा आधार घेतला, कारण त्या पत्रावर गारामाँचे नाव छापलेले आहे. रॉबर्ट स्लिमबाख यांनी १९८९च्या अडोबी गॅरामॉन्डसाठी अँटवर्पच्या प्लाँताँ-मोरेतुस संग्रहालयातील सामग्री अभ्यासली. दोघेही प्रामाणिक, दोघांचीही साधने अस्सल, आणि तरीही दोन अक्षरे एकमेकांसारखी नाहीत. सबॉनला आणखी एक अट होती. हाताने जुळवायचे खिळे, मोनोटाइप आणि लायनोटाइप या तिन्ही पद्धतींत ते एकसारखे उतरले पाहिजे, अशी जर्मन मुद्रकांची मागणी होती. लायनोटाइप यंत्रात सरळ आणि तिरपे अक्षर एकाच रुंदीत बसवावे लागते, त्यामुळे सबॉनचे तिरपे अक्षर सोळाव्या शतकातील कोणत्याही तिरप्या अक्षरापेक्षा रुंद आहे. यंत्राच्या मर्यादेने अभिजात अक्षराला दिलेला हा आकार पुढे यंत्र गेल्यावरही टिकून राहिला.

पाठचिकित्सेचा परिचय असलेल्या वाचकाला ही परिस्थिती ओळखीची वाटेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व सुकथनकरांच्या संपादनाने १९३३ साली पूर्ण झाले. त्यातील संहिता कोणत्याही एका हस्तलिखितात जशीच्या तशी आढळत नाही. ती हस्तलिखितांच्या तौलनिक परीक्षणातून निश्चित केलेली आहे. पुनरुज्जीवित टाइपही तशाच अर्थाने संपादित संहिता आहे. फरक असा की सुकथनकरांनी प्रत्येक पाठभेद तळटीपेत दिला. टाइपच्या संपादकाचे पाठभेद मात्र अक्षराच्या आतच विरून जातात. वाचकाला केवळ निकाल दिसतो, त्यामागचा पुरावा दिसत नाही.

या पाठभेदांपैकी सर्वांत दूरगामी भेद आकाराचा आहे. धातूच्या खिळ्यांच्या युगात प्रत्येक आकारासाठी ठसा स्वतंत्र कोरला जाई. लहान अक्षरात बारीक रेघ थोडी जाड ठेवावी, आतील पोकळी मोठी करावी, दोन अक्षरांतील जागा वाढवावी, हे कोरकाचा हात जाणत असे. म्हणून 'गारामाँचे अक्षर' अशी एक वस्तू कधी नव्हतीच. अनेक आकारांची अनेक अक्षरे होती. अंकीय अक्षरात सर्वसाधारणपणे एकच रेखाकृती सर्व आकारांसाठी ताणली किंवा आकसली जाते. स्लिमबाख यांनी २००५च्या 'गॅरामॉन्ड प्रीमियर'मध्ये टीपा, मजकूर आणि शीर्षके यांसाठी वेगवेगळ्या रेखाकृती देऊन हा गमावलेला भेद काही अंशी परत आणला. दुसरा भेद शाईचा. उंचवट्याच्या छपाईत खिळा ओलसर कागदात दबतो, शाई कडेने किंचित पसरते आणि पानावरचे अक्षर धातूवरच्या अक्षरापेक्षा भरीव दिसते. मोनोटाइपने १९२९ साली 'बेम्बो' हे वळण घडविले, ते व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने पंधराव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या एका छोट्या पुस्तकातील फ्रांचेस्को ग्रिफोच्या अक्षरावरून. त्या वेळी शाईच्या पसरण्याचा हिशेब धरलेला होता. ते वळण पुढे संगणकावर आले तेव्हा शाईचा तो हिशेब उरला नाही. ऑफसेटच्या गुळगुळीत कागदावर अंकीय बेम्बो फिकट आणि अशक्त दिसू लागला. २००५ साली त्याच कंपनीने 'बेम्बो बुक' या नावाने अधिक भरीव आवृत्ती काढली. नाव, रेखाटन आणि वंशावळ निर्दोष असूनही अभिजात अक्षर पानावरून कसे नाहीसे होऊ शकते याचे हे उदाहरण आहे. पारदर्शकतेचा आदर्श येथे अक्षरशः साध्य झाला होता, आणि वाचकांना तो नको होता!

या टप्प्यावर एक आक्षेप संभवतो. हे सर्व ऐतिहासिक तपशील मान्य केले तरी वाचनसुलभता ही वस्तुनिष्ठ बाब आहे, शतकानुशतके टिकलेली अक्षरे डोळ्यांना सुखकर आहेत म्हणूनच टिकली, असे म्हणता येईल. याला एक जुने उत्तर आहे. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने १७५७ साली व्हर्जिलची प्रसिद्ध आवृत्ती काढली. त्याच्या अक्षरातील बारीक रेघा वाचकांना आंधळे करतील अशी त्या काळी तक्रार होती. बेंजामिन फ्रँकलिनने १७६०च्या सुमारास त्याला लिहिलेल्या पत्रात एक किस्सा सांगितला आहे. अशा एका तक्रारखोर गृहस्थापुढे त्याने कॅस्लनच्या नमुनापत्राचा नाव असलेला वरचा भाग फाडून उरलेला कागद बास्करव्हिलचा म्हणून ठेवला. गृहस्थांनी त्यात सर्व दोष दाखवून दिले. ज्या अक्षरात ते आयुष्यभर विनातक्रार वाचत आले होते तेच हे अक्षर होते. आज बास्करव्हिल स्वतः अभिजातांच्या यादीत आहे. विसाव्या शतकात माइल्स टिंकर यांनी मुद्रणाच्या वाचनीयतेविषयी दीर्घकाळ प्रयोग केले. त्यांच्या १९६३च्या ग्रंथावरूनही नित्याच्या वापरातील वळणांमध्ये वाचनवेगाचे अंतर फार थोडे असल्याचे दिसते. अक्षराची पारदर्शकता हा पुष्कळ अंशी सवयीचा परिणाम आहे.

सवयीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'टाइम्स न्यू रोमन'. मॉरिसन यांच्या देखरेखीखाली ते लंडनच्या 'टाइम्स' दैनिकासाठी घडविले गेले आणि ३ ऑक्टोबर १९३२ रोजी प्रथम वापरात आले. अरुंद स्तंभात अधिक शब्द बसावेत, वेगाने होणाऱ्या छपाईत अक्षर तुटू नये, ही त्यामागची गरज होती. खुद्द त्या दैनिकाने १९७२ साली ते सोडले. पण १९९२पासून विंडोज प्रणालीबरोबर ते सर्वत्र पोचले आणि पुष्कळ विद्यापीठांत प्रबंधाचे अक्षर बनले. रुंद पानावर लांब ओळीत ते दाटते. तरीही आपले विद्यार्थी ते 'निवडतात', कारण ते निवडावे लागत नाही.

मुद्रितरूप अर्थाला स्पर्श करते काय, हा प्रश्न सैद्धान्तिक पातळीवर डी. एफ. मॅकेन्झी यांनी १९८५च्या आपल्या व्याख्यानमालेत हाताळला. त्यांनी उदाहरण घेतले ते विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांच्या १९४६च्या 'हेत्वाभास'विषयक निबंधाचे, जो आपण सर्वांनी शिकविलेला आहे. निबंधाच्या शिरोभागी काँग्रीव्हच्या एका नाटकाच्या नांदीतील चार ओळी आहेत. त्या ओळींतील मोठी अक्षरे, स्वल्पविराम आणि एक क्रियापद मूळ छापील प्रतीपेक्षा बदललेले आहे. 'श्रमपूर्वक घडविले' या अर्थाच्या क्रियापदाच्या जागी 'लिहिले' या अर्थाचे क्रियापद आले आहे. लेखकाचा हेतू अप्रस्तुत ठरविणारा हा निबंध लेखकाचे शब्द बदलून सुरू होतो आणि या बदलामुळे ओळींचा अर्थ निबंधाच्या भूमिकेला सोयीचा होतो. मॅकेन्झींचे सर्व निष्कर्ष आपण स्वीकारलेच पाहिजेत असे नाही. केवळ अक्षरवळण बदलल्याने कादंबरीचा अर्थ बदलतो असे म्हणणे अतिरेकाचे होईल. परंतु पानावरच्या खुणांकडे पाहण्याची सवय नसलेली वाचनपद्धती किती मोठी गोष्ट नजरेआड करू शकते, हे या उदाहरणावरून मान्य करावे लागते.

आपल्याकडे हा प्रश्न एका विशिष्ट रूपात समोर येतो. देवनागरीला सेरिफ नाही. तिचे बंधन शिरोरेषेचे आहे आणि तिची स्वतंत्र मुद्रणपरंपरा, जावजी दादाजींच्या निर्णयसागरापासूनची, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण संतसाहित्यावरचा इंग्रजी ग्रंथ घ्या, किंवा ज्यात मूळ ओव्या देवनागरीत आणि विवेचन रोमनमध्ये आहे असे कोणतेही पुस्तक घ्या. तेथे रोमन वळणाची निवड दोन कसोट्यांवर होते. पहिली, लिप्यंतराची चिन्हे. दीर्घ स्वरावरची आडवी रेघ, मूर्धन्य वर्णाखालचा टिंब ही चिन्हे त्या वळणात मुळातून आहेत की नंतर चिकटविलेली आहेत? उसना टिंब n किंवा t च्या तळाशी सेरिफला चिकटतो, आणि वाचकाला छपाईचा डाग वाटतो. 'ण' आणि 'न' यांतील भेद त्या टिंबावर अवलंबून असल्यामुळे हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. दुसरी कसोटी पानाच्या काळेपणाची. शिरोरेषेमुळे देवनागरीची ओळ वरच्या बाजूला भरीव होते. तिच्या शेजारी अडोबी गॅरामॉन्डसारखे लहान पोकळीचे, हलके वळण ठेवले की रोमन मजकूर मागे सरकलेला दिसतो. जणू ओव्या मुख्य आणि विवेचन टीप. (एखाद्या ग्रंथाच्या बाबतीत ही उतरंड योग्यही असेल, ती अजाणता होऊ नये एवढेच.) अशा पानासाठी मी मोनोटाइपचे १९१३चे 'प्लाँताँ' सुचवीन. ते ग्राँजोंच्या अक्षरावरून घडविलेले आहे, पण गुळगुळीत कागदावर फिके पडू नये म्हणून मुद्दाम भरीव केलेले आहे. त्याची लहान अक्षरे उंच आहेत, आणि अकरा पॉइंटाच्या देवनागरीशेजारी दहा पॉइंटात ते बरोबरीने उभे राहते. सोळाव्या शतकाशी त्याची निष्ठा गॅरामॉन्डच्या उत्तम आवृत्त्यांपेक्षा कमी आहे, हे मान्य. त्याचे तिरपे अक्षरही काहीसे जड आहे, आणि ग्रंथनामांनी भरलेल्या सूचीत ते डोळ्यांवर येते. तेवढ्यासाठी सूची अर्ध्या पॉइंटाने लहान घ्यावी लागते.